‘११बी’ एररवरचा तो रजिस्ट्रीचा उपाय नवीन कॉम्प्युटरवर करू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच ऑफिसांत नवीन कॉम्प्युटर आले. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर एक जुना मेसेजही परत यायला लागला. त्याचा मजकूर साधारण असा: नेटवर्क प्रिंटर जोडताना ११बी (0x0000011b) किंवा ७०९ (0x00000709) एरर आली तर दोष अपडेटचा. अपडेट काढा आणि कायमचं बंद करा, सोबतची रजिस्ट्री फाइल (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलणारी) चालवा, फायरवॉल बंद ठेवा, तरी जमलं नाही तर ड्रायव्हर पॅक (यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, गठ्ठा) टाका. शंभर टक्के काम होतं.

मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. या मेसेजने घालून ठेवलेला गोंधळ मला नंतर निस्तरावा लागतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दोष अपडेटचा, हे अर्धंच खरं आहे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ११बी सगळीकडे दिसू लागली, हे बरोबर. पण ते अपडेट आलं कशासाठी? एका कॉम्प्युटरचा स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) दुसऱ्याच्या स्पूलरशी बोलतो, त्यात तिऱ्हाइताला घुसता येईल अशी फट होती. तिची दुरुस्ती जानेवारी २०२१ मध्ये आली आणि सप्टेंबरात सक्तीची झाली. विंडोजची मासिक अपडेट्स एकावर एक साचत जातात, म्हणजे या महिन्याचं काढलं तरी पुढच्या महिन्याच्या अपडेटमधून तीच दुरुस्ती परत येते. ती टाळायची तर नंतरची प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीही नाकारावी लागेल. शिवाय नव्या विंडोज ११ मध्ये ती मुळातच आहे, काढायला वेगळं अपडेट सापडणारच नाही.

आता ती रजिस्ट्री फाइल. तिच्यात दोन नोंदी शून्य केलेल्या असतात. पहिली वरची सक्ती उठवते. पण ही नोंद ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तिथे वाचली जाते. लोक फाइल चालवतात नव्या कॉम्प्युटरवर, आणि मग ‘तरीही होत नाही’ म्हणून फोन करतात.

दुसरी नोंद मला जास्त घाबरवते. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष गाजला. त्यानंतर १० ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंट सर्व्हरवरून, म्हणजे प्रिंटर शेअर करणाऱ्या कॉम्प्युटरवरून, ड्रायव्हर घेताना ॲडमिनचा पासवर्ड लागतो. ही नोंद शून्य केली की ती अट उठते, मग साध्या युजरच्या लॉगिनवरूनही बाहेरचा ड्रायव्हर आत येऊ शकतो, आणि स्पूलर चालतो सिस्टमच्या पूर्ण अधिकाराने. हे सगळं कशासाठी, तर ॲडमिनने एकदा पासवर्ड टाकण्याचे कष्ट वाचवायला! कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून ॲडमिनने एकदा टाकला की पासवर्डचा प्रश्न संपतो.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र मेसेजमध्ये नाहीच. नेटवर्क प्रिंटर आणि शेअर केलेला प्रिंटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ११बी येते ती दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत प्रिंटर जोडताना. प्रिंटरला स्वतःचं लॅन पोर्ट किंवा वायफाय असेल तर मध्ये कोणी लागतच नाही.

मागे एका पतसंस्थेत गेलो. ती फाइल दोनदा चालवलेली, फायरवॉल बंद, आणि काउंटरवर कर्जाचे कागद अडकलेले. प्रिंटरच्या मागे पाहिलं तर निळी लॅन केबल, हिरवा दिवा लुकलुकतोय. प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज काढलं, त्यावर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.०.१४. जुन्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचं पोर्ट होतं १९२.१६८.१.२० या पत्त्याचं. राउटर बदलला होता आणि पत्ताही बदलला होता. तोवर सगळे जुन्या कॉम्प्युटरवरून शेअरिंग घेण्याच्या खटपटीत होते. नव्यावर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून नवा पत्ता घातला, ड्रायव्हर दिला, टेस्ट पेज आलं. मग राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला. पंधरा मिनिटांचं काम, रजिस्ट्रीला हातही न लावता.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर शेअरिंग करावं लागतं, मान्य. तेव्हा आधी दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा. तरी अडलं तर नव्यावर ड्रायव्हर आधी टाका, मग ‘लोकल पोर्ट’ घेऊन त्यात जुन्या कॉम्प्युटरचं आणि शेअरचं नाव द्या. बऱ्याच प्रिंटरना हे चालतं. ७०९ चं एक नेहमीचं कारण असं की विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून प्रिंटिंगचं बोलणं टीसीपी या पद्धतीने होतं आणि जुना कॉम्प्युटर नेम्ड पाइप्स या आधीच्या पद्धतीवर अडलेला असतो. त्यासाठी ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या ॲडमिनसाठीच्या सेटिंग्जमध्ये) अधिकृत सेटिंग आहे. विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंगही बंद झालंय, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला युजर बनवा.

फायरवॉल बंद करायची गरज नाही. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्या.

ड्रायव्हर पॅक तर नकोच. नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल तर त्याला एआरएम ६४चाच, म्हणजे त्याच जातीच्या प्रोसेसरसाठीचा, ड्रायव्हर लागतो, नेहमीचा इंटेलचा चालत नाही. आणि प्रिंटर अलीकडचा असेल तर विंडोजमधला आयपीपी (अनेक कंपन्यांच्या प्रिंटरना चालणारा) ड्रायव्हर पुरेसा ठरतो.

फाइल आधीच चालवली असेल तर रजिस्ट्रीत जाऊन त्या दोन्ही नोंदी डिलीट करा, सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर रीस्टार्ट करा आणि फायरवॉल परत चालू करा. जुन्या कॉम्प्युटरवरही तपासायला विसरू नका, बहुतेक वेळा तिथेही कोणीतरी ती चालवलेली असते.