शाळेच्या पायरीला पाय न लावता शाळा सुधारण्याचे उपाय

पालकहो, शाळा सुधारायची तर शाळेत जावं लागतं, हा खुळा समज आधी डोक्यातून काढा. मी परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला वेळेवर गेले. सभा सुरू व्हायची होती, पण प्रोसिडिंग लिहून तयार! चर्चा, ठराव, आभार, सगळं झालेलं. एका ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव. ठराव कसला, विचारलं तर बाई म्हणाल्या, "अहो, नेहमीचाच." आणि शेजारची वहिनी म्हणाली, "सही मार नि चल गो, होड्या लागल्या असतील."

तेव्हा पहिला उपाय: सही करा, वाचू नका. वाचण्याचं काम पोरांचं.

दुसरा, गुरुजींचा नंबर फक्त पोषण आहाराची खिचडी पातळ झाली की लावावा.

तिसरा गुरुजींसाठी. सभा सकाळी अकरालाच ठेवा. त्या वेळी जेटीवर मासळीचा लिलाव चालू असतो, बाया मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात असतात, म्हणजे कोणी येत नाही आणि "इथल्या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही" असं अहवालात निर्धास्त लिहिता येतं. चुकून एखादी आई आलीच, तर तिला पोरासमोर "घरी अभ्यास घेत जा जरा" एवढं सुनवा. तिला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक असतंच. पुन्हा येणार नाही ती.

चौथा, गणपतीत आलेल्या चाकरमान्यांकडून शाळेला एक घड्याळ घ्या. त्यावर मंडळाचं नाव मोठं असावं, काटे चालले नाहीत तरी चालेल.

पाचवा उपाय आमच्या वाडीचा आवडता. पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवा आणि संध्याकाळी पारावर बसून "आपली मराठी शाळा टिकली पाहिजे" म्हणा. पट घसरला की शिक्षक कमी होतो. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. म्हणजे दोघांत पहिली ते चौथी. त्यातले एक घाटावरचे, जिल्हाबदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले. ते गेले की उरलेल्या एकट्या बाईंनी चार वर्ग सांभाळायचे, खिचडीचा हिशेब लिहायचा, ऑनलाइन माहिती भरायची, रेंज नाही म्हणून मोबाईल घेऊन सड्यावर चढायचं आणि निवडणूक आली की मतदार याद्या घेऊन घरोघर फिरायचं. त्याच वेळी तुम्ही विचारणार, "बाई वर्गात नसतात, पगार कसला घेतात?" अरे, त्या तुमच्याच दारात उभ्या होत्या मतदार यादी घेऊन! तेव्हा पाणी तरी विचारलंत का? पत्रे गळतात म्हणून पाच वर्षं ओरड चाललीय. अर्ज कोणी केला? शाळा विकास आराखडा करायचा अधिकार समितीचा आहे, आलेला पैसा कुठे गेला हे बघायचाही. त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या बाया. अध्यक्ष तुमच्यातलाच. आणि तो म्हणतो, "मला काय विचारता, गुरुजींना विचारा"!

दहावीचा निकाल लागला की "कोकण पहिलं" म्हणून स्टेटस मात्र ठेवा. पहिलीत कोणी बसवलं होतं त्या पोरांना, ते विचारू नका.

पुरे झाला हा खेळ. सरळ सांगते. बाई, गुरुजी, सभा संध्याकाळी घ्या, कोरं प्रोसिडिंग आणा, आणि आईशी बोलताना ती तुमची विद्यार्थिनी नाही हे ध्यानात ठेवा. आणि बाप्यांनो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, तुम्ही दिवसभर देवळात पत्ते कुटत असता. शाळा तेव्हाच उघडते, आणि देवळासमोरच आहे ती. उठा आणि जा. गळणारे पत्रे बघा, हिशेब मागा, पोराला वाचता येतंय का ते तिथेच बसून ऐका. तेवढंही जमत नसेल तर शाळा बंद झाल्यावर मोर्च्याला मला बोलवू नका. मी येणार नाही.