खोडाची खोड

लोक दुसऱ्याच्या अंगणातली फुलं बघतात, फळं बघतात, फार तर वाळत घातलेले पापड बघतात. मी बुंधा बघतो. म्हणजे फाटकाशी थांबायचं, कमरेत वाकायचं आणि झाड जमिनीत शिरतं तिथवर नजर न्यायची. तिथे मुळं कोंबडीच्या पायासारखी पसरलेली दिसली की माझ्या तोंडून आपोआप ‘अहाहा’ निघतं. या ‘अहाहा’पायी एकदा एक गृहस्थ काठी घेऊनच बाहेर आले. बायकोने तेव्हापासून माझ्याबरोबर संध्याकाळी फिरायला येणं बंद केलंय. “अहो, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या चपला मोजताय.”

मी बोन्सायवाला, म्हणजे झाडं ट्रेमध्ये ठेंगणी वाढवणारा. आमचं दुःख असं की खोड विकत मिळत नाही. नर्सरीत मिळतं ते पेन्सिलीएवढं रोप. ते उथळ ट्रेमध्ये लावलं की उंची आवरते, पण जाडीही तिथेच अडते. मनगटाएवढं खोड होईपर्यंत माझंच मनगट राहील की नाही शंका. जमिनीत मात्र झाड मोकाट वाढतं. म्हणून शहाणी माणसं उलटीकडून सुरुवात करतात. जमिनीतलं जुनं, जाड, वेडंवाकडं झाड उचलायचं, हातभर खोड ठेवून वरचं उडवायचं आणि पुढची दहा वर्षं नव्या फांद्यांना वळण लावत बसायचं. जपानी लोक डोंगरकपारीतून अशी झाडं आणत, त्याला ते यामादोरी म्हणतात. आमच्या साताऱ्यात डोंगर म्हणाल तर डोक्यावर अजिंक्यतारा आहे, पण गडावरच्या झाडाला हात लावायची माझी छाती नाही. उरले शेजारी.

सुरुवात अण्णांपासून केली. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीत पिंपळ उगवलाय आणि त्याने भिंतीला हात घालता येईल एवढी भेग पाडलीय. अण्णा आठ वर्षं त्याला शिव्या घालताहेत. दोनदा ॲसिडही ओतून झालंय. मला वाटलं, मी काढून नेतो म्हटल्यावर चहा तरी मिळेल.

“पिंपळ आहे तो,” अण्णा एकदम गंभीर झाले. “त्यावर मुंजा असतो.”

“अण्णा, जेमतेम चार फुटी झाड आहे.”

“मग मुंजा काय सहा फुटी असतो? आठ वर्षांचा पोरगा तो. त्याला तुम्ही ट्रेमध्ये बसवणार?”

वर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा ऐकवून, “परवानगी काढलीय का?” असंही विचारलं. ॲसिड ओतताना कोणाची काढली होती, हे मी विचारलं नाही. शेजारी राहायचंय.

मागच्या गल्लीतल्या वहिनींकडे उंबर होता. तो दत्ताचा, त्यामुळे विषयच संपला. शिवाय घरात बोन्साय ठेवलं की माणसाची वाढ खुंटते, असंही त्यांनी आपुलकीने सांगितलं. माझी उंची पाच फूट तीन इंच. जी खुंटायची ती बोन्सायच्या कितीतरी आधी खुंटलेली आहे.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की झाड मागेपर्यंत तण असतं. मागितलं की त्याला आजोबा फुटतात. ते कोणी लावलं, कोणाच्या बारशाला लावलं, त्याच्या सावलीत कोणी कितवीचा अभ्यास केला, सगळं त्याच क्षणी आठवतं. आणि हे सगळं ऐकून घ्यायचं मागणाऱ्याने, फाटकाबाहेर उभं राहून.

यावर उतारा म्हणून मी अण्णांना एक खरी गोष्ट सांगितली. हिरोशिमात यामाकी नावाच्या कुटुंबाकडे १६२५ पासून कुंडीत वाढवलेला एक पाइन होता. १९४५ साली अणुबॉम्ब पडला तो त्यांच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर. झाड वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि बॉम्बचा उल्लेखही केला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू ते बघायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना कळलं. बघा, साडेतीनशे वर्षांचं झाड आणि देताना इतिहासाचा एक शब्द नाही!

अण्णा विचारात पडले. मला वाटलं, पिंपळ आला. “म्हणजे,” ते म्हणाले, “ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच दिलं. शेजाऱ्याला नाही दिलं.”

शेवटी समोरच्या काकूंचं डाळिंब मिळालं, तेही त्यांच्या जावयांच्या कृपेने. वर्षभर नकारच होता. मग वैशाखात एक दिवस सकाळी सातला फोन आला. “जावयांच्या गाडीला जागा करायचीय. दहापर्यंत नेता का?” मी म्हटलं, मृगापर्यंत थांबू या, या उन्हात झाड उचलणं बरं नाही. “आणि गाडी तोवर कुठे, तुमच्या गच्चीवर लावायची?”

पहार आणि खोरं घेऊन मी खणायला बसलो. काकू पायरीवर बसल्या आणि इतिहास सुरू झाला. सासूबाईंनी कोरेगावहून फांदी आणली, रुजवली, पण फळ असं एकही नाही. फुलं यायची नि गळायची. खाली मला एक रबरी चेंडू, एक चमचा आणि थेट न्हाणीघराकडे निघालेलं दंडाएवढं मूळ सापडलं. चमचा काकूंनी ओळखला आणि धुवायला घेतला. मूळ मी करवतीने कापलं, बारीक मुळ्या तेवढ्या राखल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवरून पोटरीएवढं ते खोड घरी आणलं. फांद्या छाटल्या. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वाळू आणि विटांचा चुरा घालून, हलू नये म्हणून सुतळीने आवळून, सावलीत ठेवलं.

संध्याकाळी काकू बघायला आल्या. “अगंबाई, मुंडकंच उडवलंत की!”

मग त्या रोज येऊ लागल्या. आयसीयूबाहेर नातेवाईक बसतात तशा. झाड जिवंत आहे का बघायला साल नखाने जराशी खरवडतात, खाली हिरवी रेघ दिसली की जीव आहे. हे मी त्यांना दाखवलं ही माझी चूक. त्या रोज खरवडू लागल्या. मग अण्णा येऊन खरवडू लागले. झाड मेलंच असतं तर ते नखांनी मेलं असतं. सदतिसाव्या दिवशी सालीतून तांबूस टोकं बाहेर आली आणि काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. कंदी. मला एकच मिळाला.

बोन्सायची पानं छोटी होतात, फळ मात्र छोटं होत नाही. ते आपल्या आकाराचंच येतं. यंदा, तिसऱ्या वर्षी, आंबे बहारात, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यात, दोन फुटी झाडाला एक फळ धरलं आणि पावसाळ्यात चांगलं मुठीएवढं झालं. खालून मी काठीचा टेकू दिलाय. नवखं झाड, फळ काढून टाकायला हवं होतं, पण काकूंनी त्याला गणपतीच्या पाच फळांत आधीच धरून टाकलं होतं.

परवा त्या आल्या, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “जावई आता पुण्याला फ्लॅट घेतायत. गाडी तिकडेच राहील. अंगणात जागा आहे, हो. झाड परत देता का?”

मी तोंड उघडलं आणि आतून माझाच आवाज ऐकू आला, “तसं नाही हो काकू, पण या झाडाशी आमच्या किती आठवणी...”

काकूंनी वाकून बुंध्याकडे पाहिलं. “एक चमचा माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या.