‘पायलटचं चुकलं असणार’ म्हणून मोकळं होऊ नका

२१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस हे आपलं लढाऊ विमान पडलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि पाच मिनिटांत खाली निकाल पण लागला, "पायलटचं चुकलं असणार." तिकडं हवाई दल चौकशी नेमायलंय आणि हितं कोल्हापुरात उद्यमनगरात चहा पीत पीत आपण फाइल बंद करून टाकली. मी पण त्या ग्रुपवर आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. पण तेव्हापासनं जे डोक्यात घोळतंय ते आज लिहायला बसलोय, लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

मी काही विमानातला माणूस नाही. गोकुळ शिरगावात क्वालिटीला आहे, बावीस वर्षं झाली, फाउंड्री, मशीन शॉप, प्रेस शॉप सगळीकडं काम करून झालंय. उजळाईवाडीला उतरणारं विमान चहाच्या सुट्टीत दिसतं तेवढाच माझा रोजचा संबंध. पण नवीन वस्तू पहिल्यांदा करून बघणं म्हणजे काय ते मला कळतं. नवा पॅटर्न आला की पहिलं कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला पहिला पीस, आपण पार्टीला पाठवत नाही, कापतो. आत हवेचं भोक (ब्लो होल) राहिलंय का, धातू आकसून पोकळी (श्रिंकेज) पडलीय का, कुठं भिंत पातळ पडलीय का ते उघडं करून बघायचं, सुधारायचं, परत ओतायचं. पहिला पीस भंगारात जाणार हे धरूनच चालतो आपण. विमानाचं पण जमिनीवर तसंच करतात, पंख वाकवून वाकवून किती सोसतो बघतात, इंजिन टेस्ट बेडवर तासन् तास पळवतात. पण एक दिवस असा येतो की जमिनीवर बघण्यासारखं काही राहत नाही आणि मग त्या पहिल्या पीसमध्ये माणूस बसवावा लागतो.

तो माणूस टेस्ट पायलट. आपल्याला वाटतं हे लोक म्हणजे जिवावर उदार झालेले, कलाबाजी करणारे. तसं नसतंय. आपल्याकडं बेंगळुरूला हवाई दलाची टेस्ट पायलट घडवणारी शाळा आहे, आधीच अनुभवी असलेले पायलट निवडून घेतात आणि जवळजवळ वर्षभर परत शिकवतात. काम सगळं पायरीपायरीनं. आज एवढा स्पीड, उद्या त्याच्यापेक्षा थोडा जास्त, प्रत्येक आकडा रेडिओवरनं खाली जातोय, खाली इंजिनिअर स्क्रीनला डोळे लावून बसलेत, काही खटकलं तर तिथनंच सांगायचं की आता बास, परत या. तेजस ४ जानेवारी २००१ ला राजीव कोठियाल यांनी पहिल्यांदा उडवलं आणि त्यातलं पहिलं विमान पडलं ते १२ मार्च २०२४ ला, जेसलमेरजवळ, पायलट बाहेर पडून वाचला. मधली तेवीस वर्षं आपण काय म्हणत होतो? किती वेळ लावायलेत, कधी होणार हे विमान. मी पण म्हणालोय हे. त्या वेळेतला बराच वेळ ह्या एकेका पायरीचा होता.

बेंगळुरूला व्हेंडर ऑडिटला मी बऱ्याचदा गेलोय. विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीच्या बाजूला एक मोठा रस्ता आहे, सुरंजन दास रोड. रिक्षातनं त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन, कधी वाटलं नाही हा माणूस कोण हे बघावं. नंतर एकदा शोधलं. भारतात विकसित केलेलं पहिलं जेट फायटर, एचएफ-२४ मारुत, १७ जून १९६१ ला त्याचं पहिलं उड्डाण ह्याच माणसानं केलं. आणि १० जानेवारी १९७० ला त्याच मारुतचं जास्त ताकदीच्या इंजिनाचं नवं रूप तपासताना ते गेले. ज्या विमानाला पहिल्यांदा हवेत नेलं त्याच विमानात. हे वाचलं तेव्हा मी हॉटेलवर होतो, रात्री जेवण गेलं नाही.

आता सरसबद्दल सांगतो, मुद्दा तिथं आहे. सरस म्हणजे आपल्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं तयार केलेलं चौदा सीटचं छोटं प्रवासी विमान, पंखे (प्रोपेलर) मागच्या बाजूला असलेलं. ६ मार्च २००९ ला त्याचा दुसरा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी केलेला नमुना, बेंगळुरूजवळ बिडदीपाशी पडला. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शहा आणि टेस्ट इंजिनिअर स्क्वाड्रन लीडर इलयाराजा, तिघंही गेले. त्या दिवशीचं काम काय होतं बघा. हवेत एक इंजिन मुद्दाम बंद करायचं आणि परत चालू होतंय का बघायचं. उद्या त्या विमानात बायकापोरं बसणार, इंजिन हवेत बंद पडलं तर परत लागलं पाहिजे ना, मग ते कुणीतरी आधी हवेत बंद करून बघायलाच पाहिजे.

ते इंजिन परत लागताना विमान झपाट्यानं खाली आलं आणि सावरलं नाही. मी तुमच्यासारखाच विचार केला असता, चुकलं असणार काहीतरी त्यांचं. पण चौकशीचा निष्कर्ष वाचा. इंजिन परत चालू करायची पद्धतच चुकीची होती, ती डिझाइन करणाऱ्यांनी ठरवली होती, आणि ती पुरेशी उंची नसताना वापरली गेली. त्यातलं माझ्या काळजाला लागलेलं वाक्य म्हणजे ही पद्धत ठरवताना प्रोपेलर बनवणाऱ्या कंपनीला विचारलंच नव्हतं. क्रूचा आपसातला समन्वय कमी पडला, पहिल्यांदा इंजिन लागलं नाही तेव्हा वरनं किंवा खालनं कुणीतरी टेस्ट थांबवायला पाहिजे होती, हे पण रिपोर्टात आहे, मी लपवत नाही. पण क्रम बघा की. तिघं जण ज्या कागदाप्रमाणं काम करत होते तो कागदच चुकीचा होता, आणि तो कागद लिहिणारे जमिनीवर होते.

३१ ऑक्टोबर २०१४ ला अमेरिकेत मोहावीच्या वाळवंटावर स्पेसशिपटू नावाचं अवकाशयान चाचणीत हवेतच तुटलं, मायकल ॲल्सबरी नावाचा को-पायलट गेला, दुसरा पायलट पॅराशूटनं वाचला. इथं तर चूक सरळसरळ ॲल्सबरीच्या हाताची होती. शेपटीकडचा भाग वर वळवणाऱ्या यंत्रणेचं लॉक आवाजाच्या वेगाच्या १.४ पट झाल्यावर काढायचं, ते त्यानं ०.८ पट असतानाच काढलं. आपल्याकडं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांच्या तपास मंडळानं मात्र मुख्य कारण म्हणून यान बनवणाऱ्या कंपनीकडं बोट दाखवलं, की एका माणसाच्या एका चुकीनं अख्खं यान जाऊ शकतं ह्याचा तुम्ही विचारच केला नाही आणि त्यापासनं संरक्षणही ठेवलं नाही. आमच्या भाषेत पोका योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, नव्हतं. पीस धरून ठेवणाऱ्या दोनशे रुपयांच्या फिक्स्चरला आम्ही पिन लावतो, का तर ऑपरेटरनं पीस उलटा बसवू नये म्हणून.

आणि नीट शोधलं तर काय होतं ते पण सांगतो. १९६३ च्या २२ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन ह्या प्रवासी जेटचा प्रोटोटाइप पडला, माइक लिथगो आणि बरोबरचे सहा असे सात जण गेले. शेपटीचा आडवा पंख उंचावर असलेलं विमान नाक वर करून हळू झालं की मुख्य पंखांची विस्कटलेली हवा त्या शेपटीवर येते आणि नाक खाली करणारी शेपटीवरची फळीच निकामी होते, हे त्यातनं कळलं. तिथनं पुढं अशा विमानांना नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणा बसवायला लागले. लिथगोबरोबरच्या त्या सहा जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण तशी शेपटी असलेल्या विमानात आपल्यातले कितीतरी जण बसलेत.

आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर ही पोस्ट. बऱ्याच वर्षांमागं मी ज्या कारखान्यात होतो तिथं पॉवर प्रेसवर रात्रपाळीत एका पोराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. त्यातलं एक बटण लाकडाची चिपटी मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, तासाला चार पीस जास्त निघावेत म्हणून. त्या पोरानं नव्हती मारली ती. तो कामाला लागायच्या आधीपासनं होती, सुपरवायझरला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं आणि मला पण माहीत होतं, राउंडला मी स्वतः बघितलेली. रिपोर्टात कारणाच्या रकान्यात लिहिलं "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपाय म्हणून "ट्रेनिंग दिलं". खाली तीन सह्या. तिसरी माझी.

चिपटी दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकली होती, फोटो काढायच्या आधी.

सरसचा रिपोर्ट मी तीन वेळा वाचला. ज्यांनी तो लिहिला त्यांना पण "क्रूची चूक" एवढंच लिहून मोकळं होता आलं असतं, तिघंही बोलायला नव्हतेच. त्यांनी पद्धत कुणी ठरवली, कुणाला विचारलं नाही, इथपर्यंत जाऊन लिहिलं. आमचा ऑपरेटर तर जिवंत होता, सीपीआर दवाखान्यात पट्टी बांधून बसला होता, आणि आम्ही त्याला एक प्रश्न विचारला नाही.

तो आता गावाकडं असतो, म्हशी आहेत, दूध घालतो. माझ्या फ्रेंडलिस्टला आहे, दिवाळीला न चुकता मेसेज करतो, साहेब म्हणतो अजून. त्या कागदावर माझी सही आहे हे त्याला माहीत नाही. आज रात्री नाहीतर उद्या सकाळी डेअरीवरनं आल्यावर तो हे वाचेल. भावा, फोन कर, नाहीतर मीच येतो रविवारी.