पाऊण किलो लसूण

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलं. मी घाबरलो नाही, घाबरली ती बायको. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि शेव, पापड, लोणचं यांवर काट मारली. नाशकात राहून शेव बंद म्हणजे मिसळ बंद. मग रविवारी सकाळी माणसानं उठायचं तरी कशाला?

तोडगा मेहुण्यांनी पाठवला. लसूण, आलं, लिंबू यांचा वाटी-वाटी रस, वाटीभर सफरचंदाचं व्हिनेगर. चाराच्या तीन वाट्या होईपर्यंत आटवायचं, गार झाल्यावर तीन वाट्या मध घालायचा, रोज उपाशीपोटी एक चमचा. "सगळे ब्लॉकेज मोकळे!" आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

लिंबू उदार असतं. आलंही कुरकुरत का होईना, रस देतं. लसूण मात्र महाचिक्कू. भद्रकालीतून आणलेला पाव किलो गावठी लसूण सोलला, वाटला, फडक्यातून पिळला, तर वाटीचा नुसता तळ ओला झाला. पुन्हा बाजारात गेलो. भाजीवाली म्हणाली, "कार्य हाये का घरी?" शेवटी पाऊण किलो सोलला. पहिल्या पन्नास पाकळ्या नखानं, पुढच्या सुरीनं, उरलेल्या दात-ओठ खात. रात्रभर बोटं भगभगत होती. त्याच बोटांनी डोळा चोळला, ते जाऊ द्या.

रस उकळायला लागला आणि बेल वाजली. समोरच्या काकू. "चिवड्याची ऑर्डर घेतलीत का हो? मला अर्धा किलो ठेवा." औषध आहे म्हटल्यावर त्यांनी नाकाला पदर लावला, पण पातेल्यात डोकावल्याच.

तेवढ्यात फार्मसी शिकणारी लेक कॉलेजातून आली. "बाबा, लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं. पण ते उष्णतेत टिकत नाही. तुम्ही उकळून केलेलं मोडलंत." ही माहिती सोलण्याआधी द्यायची पद्धत आमच्या घरात नाही.

तरी चार दिवस घेतलं. दात घासून, बडीशेप चावून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेलो, तर नेहमीचे सोबती आपोआप पाच पावलं पुढे. लसणाचा वास नुसता तोंडात नसतो म्हणे. तो रक्तातून फुप्फुसातही येतो आणि श्वासागणिक बाहेर पडतो. म्हणजे हृदयापर्यंत काहीतरी नक्की पोचत होतं!

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "लसणानं कोलेस्टेरॉल थोडंफार उतरतं कधी कधी. पण चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो. ती काय मोरी आहे, लिंबू ओतलं की साफ व्हायला? गोळी सोडलीत का?" मी खिडकीबाहेर बघितलं. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे कधी रक्त पातळ करणारी गोळी लागली तर या लसूणप्रयोगाबद्दल आधी सांगायचं, असंही बजावलं.

उरलेली बरणी काकू घेऊन गेल्या. "अहो, हे लोणचंच आहे की! मीठ-तिखट तेवढं राहिलंय." आठ दिवसांनी लिंबाच्या फोडी घातलेली वाटी घरी आली. लेकीनं बोट बुडवून चाटलं, बायकोनं पोळीशी खाल्लं. दोघींनी डोळे मिटले.

मी हात पुढे केला तशी बायकोनं वाटी उचलली.

"तुम्हाला लोणचं बंद आहे ना?"