सूर्य आत घ्यायला सनरूफ, अडवायला फळकूट

गाडीतला सन व्हायझर, म्हणजे पुढच्या काचेवर ऊन अडवायला पाडायचं ते फळकूट, सारखा खाली पडतो म्हणून दाखवायला न्यावा, तर सर्व्हिस सेंटरचं उत्तर काय? "आतली क्लिप सुटी येत नाही साहेब, पूर्ण असेंब्ली घ्या." कालचीच गोष्ट. बरं, घेतो म्हटलं, तर स्टॉकमध्ये फक्त बेज. गाडीचं छत करडं. "एकच तर आहे, फारसं दिसणार नाही." दिसणार नाही? अहो, ती वस्तू ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढेच लटकवायची असते! करडा हवा तर ऑर्डर टाकू, पंधरा दिवस लागतील म्हणे. तोवर सूर्याला काय सांगायचं, जरा मागच्या बाजूला मावळ?

आणि बिघाड तो केवढा! व्हायझर ज्यावर फिरतो त्या लोखंडी दांड्याची एक बाजू चपटी, तिला व्हायझरच्या पोटातली स्प्रिंगची पत्ती धरून ठेवते. पत्ती ढिली पडली की संपलं, खड्डा आला की फळकूट नाकासमोर. पत्ती ढिली का पडते? उन्हात तापलेल्या गाडीत लोक व्हायझर आरशाकडच्या कोपऱ्याला धरून खस्सकन ओढतात. मधोमध धरा की! बाजूच्या काचेकडे वळवताना आधी आतलं टोक हुकातून सोडवा, मग फिरवा. न सोडवता पिरगाळलं की हूक तुटतो, आणि मग तोही "सुटा येत नाही". वर पीयूसी, पावत्या, पेन, चष्म्याची क्लिप, सगळा संसार त्या फळकुटात खोचलेला. ऑनलाइन मिळणारे ते पिवळे पारदर्शक जोड-व्हायझर तर आणखी थोर. वजनाने मूळ व्हायझरच खाली ओढतात आणि रस्ताभर खुळखुळतात.

आता मुख्य दुखणं. सूर्य आकाशात दिसतो जेमतेम अर्धा अंश. हात लांब करून धरलेल्या रुपयाच्या नाण्यामागे आरामात लपतो. आणि हातभर फळकुटाला तो सापडत नाही! मावळण्यापूर्वीची ४०-४५ मिनिटं तो क्षितिजापासून दहा अंशांच्या आत असतो. उंच माणसाने व्हायझर पाडला की सूर्यासकट पुढचा ट्रकही गायब, बुटक्याच्या बाबतीत कड सूर्यापर्यंत पोचतच नाही. सीट वर-खाली करायची सोय असेल तर एखादा इंच उचलून बघा. नसेल तर मान उंच करा, दुसरं काय. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे एक्सप्रेसवेवर कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडा, म्हणजे कळेल. पुढे घाटात तर दर वळणाला सूर्य जागा बदलतो: कधी समोर, कधी आरशामागच्या त्या फटीत, जी दोन्ही व्हायझर मिळूनही झाकत नाहीत. व्हायझर बाजूला वळवावा तर मागे चार बोटं काच उघडी, ऊन बरोबर कानशिलावर. दांड्यावर सरकणारा व्हायझर असला की हे भागतं, पण तो स्वस्त मॉडेलात नाही. तिथे हातभर टचस्क्रीन आहे, सूर्य आत घ्यायला सनरूफ आहे.

काळी फिल्म लावावी, तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि नियम पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्यांतून ५० टक्के उजेड आत येऊ देण्याचा. मान्य. मग गाडी धुणाऱ्यांनो, निदान डॅशबोर्डवर तरी ते चकचकीत पॉलिश फासू नका रे! सगळी चमक काचेत उमटते. आणि काच आतून कोण पुसतं? तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघालेला तेलकट थर तिथे साचतो, तिरकं ऊन पडलं की सगळी काच पांढरी. आधी ओलसर मायक्रोफायबर, मग कोरडं, एवढंच काम. उन्हात काळे होणारे फोटोक्रोमिक चष्मेही गाडीत हात वर करतात, कारण त्यांना लागणारे अतिनील किरण पुढची काचच अडवते. चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा घ्या, फक्त काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात.

एवढा घसा कोणावर कोरडा केला, तर कापड चढवलेल्या पुठ्ठ्यावर. सूर्यालाही काही फरक पडलेला नाही.

तूर्तास दांड्याच्या बाजूला केबल टाय करकचून आवळा, पत्ती थोडी तरी दाबली जाते. छताला वेल्क्रो चिकटवू नका, ओढताना कापडच सुटून येतं. आणि हो, सरकता दांडा नसला तरी ड्रायव्हरच्या व्हायझरला आरसा दिलाय काहींनी, झाकणासकट. घाटात भांग पाडायला.