नुसतं वजन वाढवून वेक (बोटीमागे उठणारी लाट) सुधारत नाही

‘बॅलास्ट जितकं जास्त तितका वेक चांगला’ असं वेकबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. बॅलास्ट म्हणजे टाक्यांत किंवा बॅगांत पाणी भरून बोटीला दिलेलं जादा वजन. पण स्लॅलम स्कीला, म्हणजे बोटीमागे एकाच स्कीवर नागमोडी जाण्याच्या खेळाला, हे वाक्य लागूच पडत नाही. स्कीची बोट हलकी, मागचा तळ जवळपास सपाट. ताशी ५५-५८ किमीला ती पाण्यावर चढून धावते, पाणी कमी ढकलते आणि वेक बुटका, मऊ राहतो. तिथे टाक्या रिकाम्याच हव्यात. वेकबोर्डला, म्हणजे फळीवर उभं राहून वेकवरून उड्या मारण्याच्या खेळाला, उलट: खोल व्ही आकाराचा तळ, वजन, आणि वेग ताशी साधारण ३५ किमी.

वजन कुठे ठेवलंय हे किती आहे याहून महत्त्वाचं. सगळं मागे टाकलं तर वेक उंच पण उभा होतो, माथा फुटून फेस येतो. थोडं पुढे सरकवा, उतार लांब आणि स्वच्छ होतो. एकाच बाजूला फेस येत असेल तर आधी माणसं त्या बाजूला बसवून बघा, मग बॅगा हलवा. तरीही फुटत असेल तर वेग ताशी एखादा किमी वाढवा.

बॅगा अर्धवट भरू नका, हवा पूर्ण काढा. नाहीतर वळणावर बॅगेतलं पाणी एका बाजूला धावतं आणि बोट धोकादायक कलते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाच्या क्षमतेतून माणसांसोबत तेही वजा करा!