पाहुणा सूर कोणता?

पाश्चात्त्य हार्मनीचा अभ्यास मी चाळिशी उलटल्यावर हौसेने आरंभला. कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीतले, कोणते सूर घरचे आणि कोणते पाहुणे, एवढेच तर ओळखायचे असते. परंतु हे काम लग्नाच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी गृहस्थाचा पक्ष ठरवण्याइतके अवघड आहे, कारण मुलीकडचे त्याला मुलाकडचा समजतात आणि मुलाकडचे मुलीकडचा.

सी मेजर या पट्टीत जी, सी, ई हे सूर, खाली जी ठेवून, समारोपाच्या जरा आधी वाजतात. नावे वाचली तर हा सीचा कॉर्ड. पण पुढच्याच ठोक्याला सी उतरून बीवर येतो, ई डीवर येतो आणि सगळा ऐवज जीच्या कॉर्डचा निघतो. माझे एक सर याखाली रोमन एक (म्हणजे सीचा कॉर्ड) लिहायला लावतात, दुसरे रोमन पाच (म्हणजे जीचा). मी दोन वह्या ठेवल्या आहेत.

इथवर निभावते. खरी परीक्षा जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ची. 1865 साली म्युनिकमध्ये रंगमंचावर आलेल्या या ऑपेराच्या सुरुवातीलाच एफ, बी, डी शार्प, जी शार्प असा कॉर्ड येतो. एका मताप्रमाणे यातला जी शार्प हा ॲपोजियाटुरा, म्हणजे पाहुणा, आणि मागून येणारा ए घरचा. पण हा पाहुणा जवळजवळ अख्खा मेझर, म्हणजे तालाचा एक खंड, व्यापतो आणि यजमान शेवटच्या एका छोट्या एट्‌थ नोटपुरता डोकावतो! म्हणून दुसरा पक्ष जी शार्पलाच घरचा मानतो आणि एला वाटसरू ठरवतो. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत, आणि मला वाचताना दोन्ही पटतात, हीच पंचाईत.

आमच्या सौभाग्यवती ख्याल गातात. त्यांनी हा कॉर्ड शांतपणे ऐकला आणि विचारले, “हा सूर विवादी म्हणायचा, तर इतका वेळ का लावून धरलाय? आणि मुळात षड्ज कुठे आहे?” दुसऱ्या प्रश्नावर तर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत, कारण कान ए मायनरची, म्हणजे ए या षड्जाची, वाट पाहतात, तर वाग्नर ईच्या डॉमिनंट सेव्हन्थवर, म्हणजे ए मायनरकडे ओढणाऱ्या अधांतरी कॉर्डवर, आणून सोडून देतो. सुमारे चार तासांनी, ऑपेराच्या अगदी अखेरीस, हाच कॉर्ड पुन्हा येतो आणि बी मेजरमध्ये विसावतो, त्यामुळे ए मायनरवाल्यांना तिथेही दिलासा नाही.

“मग शेवटपर्यंत ऐकून काय ते लिहा,” असा सल्ला घरातून मिळाला आहे. परीक्षेला वेळ दोन तासांचा असतो.